पाकाची तार आणि लोणारची कांच

रव्याच्या लाडवांसाठीं पाक चुलीवर चढविला म्हणजे घरांतील जाणती बाई उष्णतामापक शोधीत बसत नाहीं. पळीच्या टोकावरचा एक थेंब ती बोटावर घेते, क्षणभर निवूं देते, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्यें तो धरून बोटें हलकेच विलग करते. तार आली तर पाक एकतारी झाला. थेंब नुसताच तुटला तर आणखी कढ हवा. इतकी सोपी आणि इतकी खात्रीची परीक्षा प्रयोगशाळेंतहि थोडीच सांपडेल. त्याच स्वयंपाकघरांत पलीकडे विळीवर भेंडी चिरली जात असते. तिच्या कापांतूनहि तार सुटते. पण ही तार सुगरणीला नको असते, म्हणून भाजींत आमसूल किंवा चिंचेचा कोळ पडतो. एक तार हवीशी, दुसरी नकोशी. डोळ्यांना मात्र दोन्ही सारख्याच. वास्तविक त्या दोन अगदीं निरनिराळ्या कारणांनीं निघालेल्या असतात. हा भेद एकदां ध्यानांत आला म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांतील कपाशीच्या शेतांत फवारा उडतो तेव्हां काय घडतें, आणि त्याच जिल्ह्यांत लोणारच्या विवराभोंवतीं सांपडणारे काळ्या कांचेचे मणी कसे झाले, या दोन्ही गोष्टींचा उलगडा होऊं लागतो.

आधीं साधें पाणी घ्यावें. नळाच्या तोटीला लोंबणारा थेंब जड झाला कीं निसटूं लागतो. त्याची मान बारीक होते आणि तुटते. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत उरकतो. मान तोडणारी शक्ति पृष्ठताणाची. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्याप्रमाणें वागतो व होतां होईल तों आकसूं पाहतो. बारीक मानेभोंवतीं तो फांसासारखा आवळतो, आणि मान जितकी बारीक तितका हा फांस अधिक घट्ट. पाण्याजवळ त्याला अडविण्याचें साधन जवळजवळ नाहींच, म्हणून बोटांत धरून पाण्याची तार कधीं निघत नाहीं.

पाकाजवळ तें साधन आहे. तें म्हणजे त्याचा दाटपणा. शास्त्रीय परिभाषेंत श्यानता. श्यानता फांसाला थांबवीत नाहीं. ती त्याला केवळ उशीर करावयास लावते. बोटांवर निवतां निवतां आणि बाष्प उडून जातां जातां पाक अधिकच दाट होतो व उशीर वाढत जातो. चिक्कीच्या पाकाची तार तर तुटण्याच्या आधींच थिजून कडक होते. जत्रेंत मुलांना मिळणारे ‘म्हातारीचे केस’ याच जातीचे. वितळलेल्या साखरेचा धागा भिरकावला जातो आणि हवेंतच थिजतो. अशा द्रवाला ओढण्यास किती बळ लागतें हें १९०६ सालीं फ्रेडरिक ट्राउटन या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें डांबर व मेण यांसारखे पदार्थ घेऊन मोजलें. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकवितांना जो विरोध होतो, त्याच्या तिप्पट विरोध तो द्रव ओढतांना होतो, असें त्यास आढळलें. साध्या द्रवाच्या बाबतींत हा हिशेब बदलत नाहीं. सावकाश ओढा कीं झटक्यानें ओढा, तीन म्हणजे तीनच.

आतां तान्ह्या मुलाच्या हनुवटीवरून लोंबणारी लाळ पाहावी. लाळ शेंकडा ९९ भाग पाणीच असते, आणि हातावर घेतली तर पाण्यासारखीच पातळ लागते. पाकाचा दाटपणा तिच्यांत नाहीं. तरीहि तिची तार वीतभर लांब होते आणि पाण्याला लाजवील इतका वेळ टिकते! भेंडीचा चीक, पिकलेल्या भोकराचा गर, अंड्यांतील पांढरा बलक या सर्वांची जात हीच. येथें उशीर लावणारा कोणी दुसराच असला पाहिजे.

तो म्हणजे लांब रेणु. पाण्याचा रेणु ही एक मोहरी मानली, तर या पदार्थांतील रेणु म्हणजे अशा हजारों मोहऱ्या ओंवलेला दोरा होय. रसायनशास्त्रांत अशा पदार्थांना बहुवारिकें म्हणतात. द्रव स्वस्थ असतां हा दोरा सरळ राहत नाहीं. सभोंवतींच्या रेणूंचे धक्के खात तो सैल गुंडाळीच्या रूपांत असतो. ती गुंडाळी कोणी ओढून लांब केली, तर तेच धक्के तिला पुन्हा गोळा करतात. म्हणजे प्रत्येक रेणु ही एक सूक्ष्म स्प्रिंगच म्हणावयाची. आणि तिला पूर्वस्थितीवर येण्यास ठराविक वेळ लागतो. द्रव हळु ओढला तर गुंडाळ्या जितक्या उलगडतात तितक्याच पुन्हा आवळतात, आणि तो साध्या पाण्यासारखा वागतो. पण ओढ त्या ठराविक वेळेच्या मानानें जलद झाली, तर गुंडाळीला सांवरण्यास सवड मिळत नाहीं, व ती एकाएकीं जवळजवळ पूर्ण लांबीची होते. हें स्थित्यंतर हळूहळू न होतां एका विशिष्ट वेगाशीं अकस्मात् होतें, असा सिद्धांत फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जील द जेन यांनीं १९७४ सालीं मांडला. १९९७ मध्यें अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें स्टीव्हन चू व त्यांचे सहकारी यांनीं तें प्रत्यक्ष पाहिलें. डी. एन. ए. च्या लांब रेणूंना प्रकाशमान रंग देऊन त्यांनीं ते ओढणाऱ्या प्रवाहांत सोडले व सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक रेणु निरखला. त्यांत एक गंमत आढळली. एकाच प्रवाहांत, एकाच वेगानें ओढलेले दोन अगदीं सारखे रेणु सारखे उलगडत नाहींत. एक मधोमध दुमडून अडकतो, दुसऱ्याचीं दोन्ही टोकें गांठोड्यासारखीं राहून मध्यें बारीक दोरा निघतो, तिसरा सरळ उलगडतो. प्रत्येकाच्या आरंभींच्या वेटोळ्यावर सारें अवलंबून.

गुंडाळ्या उलगडल्या कीं द्रवाचा स्वभावच पालटतो. ट्राउटनचा तिपटीचा हिशेब तेथें कोलमडतो. ओढण्याचा विरोध शेंकडों, कधीं हजारों पटींनीं वाढतो. द्रव जितका अधिक ताणला जातो तितका तो अधिक ताठ होतो. म्हणूनच लाळेची तार बारीक होऊनहि तुटत नाहीं. जेथें ती अधिक बारीक होऊं पाहते तेथेंच ताण अधिक, जेथें ताण अधिक तेथेंच विरोध अधिक. दुबळी जागा स्वतःलाच सांवरून घेते. मापन केल्यास असें दिसतें कीं ही तार दर ठराविक काळांत तितक्याच पटीनें बारीक होत जाते, आणि तो काळ त्या रेणूंच्या सांवरण्याच्या वेळेवरच ठरतो. द्रव स्वतःचें घड्याळ स्वतःच दाखवितो म्हणा ना! शेवटीं तारेवर बारीक थेंब ओळीनें उभे राहतात, दोऱ्यांत मणी ओंवावेत तसे. साध्या पाण्याच्या धारेचे थेंब एकमेकांपासून सुटे होतात. येथें ते ताणलेल्या रेणूंच्या दोऱ्यानें बांधलेले राहतात.

घड्याळ हा शब्द येथें अलंकारासाठीं वापरलेला नाहीं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८६७ सालींच असें दाखविलें होतें कीं द्रव आणि घन यांच्यामध्यें पक्की भिंत नाहीं. प्रत्येक पदार्थाला ताण विसरण्यास कांहीं काळ लागतो. ओढ त्या काळाच्या मानानें संथ असली तर पदार्थ वाहतो. जलद असली तर तो ताण लक्षांत ठेवतो व घनासारखा प्रतिकार करतो. पाण्याचा विसरण्याचा काळ इतका अल्प कीं तो घनासारखा वागल्याचें नित्याच्या व्यवहारांत दिसत नाहीं. दगडाचा इतका दीर्घ कीं तो वाहिल्याचें कोणी पाहत नाहीं. विसरण्याचा काळ आणि पाहण्याचा काळ यांच्या गुणोत्तराला मार्कस रायनर या शास्त्रज्ञानें १९६४ सालीं डेबोराचें नांव दिलें. ही डेबोरा बायबलांतील. ईश्वरापुढें डोंगर वाहूं लागल्याचें वर्णन तिच्या तोंडीं आहे. देवाजवळ वेळ अमर्याद, तेव्हां त्याच्या दृष्टीला डोंगरहि वाहतच असणार, असा रायनर यांचा मार्मिक विनोद.

मुलांच्या खेळण्यांत मिळणारा सिलिकॉनचा लगदा हें याचें सर्वांत सोपें प्रात्यक्षिक. हळु ओढला तर तो हातभर लोंबतो. झटका दिला तर खडूसारखा कट्कन तुटतो. टेबलावर ठेवून दिला तर रात्रींतून पसरतो. म्हणजे जलद ओढण्याचे परिणामहि दोन. विशिष्ट मर्यादेपर्यंत जलदपणा तारेला बळ देतो. त्यापुढें गेलें कीं पदार्थ वाहण्याचें विसरतो आणि मोडतो. खानदेशांत, बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूरच्या शिवेपलीकडेच, खापरावर मांडे करणाऱ्या बायकांना ही मर्यादा हातांनीं ठाऊक असते. कणीक द्रव नव्हे हें खरें, परंतु तिच्यांतहि गव्हांतील ग्लुटेनचे लांब रेणु असतात, आणि ती थोडी वाहते, थोडी ताणते. भिजवून लगेच ओढली तर ती आखडते किंवा फाटते. भरपूर तिंबून, मुरूं दिली कीं तिच्यांतील ताण विसरले जातात; मग दोन्ही हातांवर झेलीत झेलीत ती कापडासारखी पातळ होत जाते, आणि जेथें फार पातळ व्हावी तेथेंच किंचित् ताठ होऊन स्वतःला सांवरते. ज्वारीच्या पिठांत ग्लुटेन नाहीं. म्हणून भाकरी थापावी लागते. तिचा मांडा होत नाहीं.

आतां कपाशीकडे वळूं. खामगांव, मलकापूर हीं नांवें कापसाच्या बाजारपेठा म्हणून फार दिवसांपासून परिचित आहेत. कपाशीवर औषध फवारलें जातें तेव्हां नळीच्या तोंडांतून द्रव आधीं पातळ पापुद्र्याच्या रूपानें बाहेर पडतो. पापुद्रा फाटून त्याचे धागे होतात आणि धागे तुटून थेंब. हें सारें ओढणेंच आहे, आणि तेंहि अत्यंत जलद. पाण्यासारख्या द्रवाचे धागे तुटतांना मोठ्या थेंबांबरोबर धुरळ्यासारखे अतिसूक्ष्म थेंबहि उडतात. मिलिमीटरच्या एक दशांशाहून बारीक थेंब पानावर न बसतां वाऱ्याबरोबर जातो. तो शेजारच्या शेतांत, पाण्यांत, किंवा फवारणाऱ्याच्याच श्वासांत. विदर्भांतल्याच यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ च्या हंगामांत फवारणींतील विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्या दुर्दैवाचीं कारणें अनेक होतीं. विषाची जात व मिश्रण, दाट आणि उंच पीक, अंगावर संरक्षक वस्त्र नसणें. थेंबाचा आकार ही त्या प्रश्नाची एक बाजू, आणि ती मात्र द्रवाच्या स्वभावांत हात घालून कांहींशी बदलतां येते. फवाऱ्याच्या पाण्यांत लांब रेणूंचा पदार्थ अगदीं अल्प प्रमाणांत मिसळला, तर धागे ताणतांना ताठ होतात आणि सूक्ष्म धुरळा कमी उडतो. या कामीं वापरल्या जाणाऱ्या पदार्थांत गवारीच्या बियांचा डिंकहि आहे. भाजीची गवार ती हीच.

मात्र या उपायाला दोन मर्यादा आहेत. थेंब फार मोठे झाले तर औषध पानावरून ओघळून जातें. दुसरें असें कीं, पंपांतून द्रव पुनःपुन्हा फिरला म्हणजे लांब रेणु मध्येंच तुटतात आणि गुण ओसरतो. विमानाच्या इंधनांत अशाच रेणूंचें मिश्रण केल्यास अपघाताच्या वेळीं त्याचा पेटता धुरळा होणार नाहीं, अशीहि एक आशा होती. १ डिसेंबर १९८४ रोजीं कॅलिफोर्नियांत एक मोठें निर्मनुष्य विमान त्या परीक्षेसाठीं मुद्दाम जमिनीवर आपटण्यांत आलें. तें ठरल्यापेक्षां वेगळ्या रीतीनें आदळलें आणि एक तासाहून अधिक काळ जळत राहिलें. एका तारेच्या गुणावर किती भार टाकावा याचा धडा महाग पडला.

भेंडीच्या तारेची हकीकत ही अशी. लोणारला मात्र पाकाच्या तारेकडे परत यावें लागतें.

लोणारचें विवर हें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें आणि कांठापासून सुमारें १५० मीटर खोल आहे. तळाशीं खारें, क्षारयुक्त सरोवर. गांवांत दैत्यसूदनाचें सुंदर मंदिर. आणि लोकांच्या तोंडीं लवणासुराच्या वधाची कथा. १८२३ सालीं सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. हा खळगा ज्वालामुखीचाच असावा असें एकोणिसाव्या शतकांतील भूशास्त्रज्ञांस वाटे. सभोंवतीं सगळा दख्खनचा काळा पत्थर, बेसॉल्ट, सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. तेव्हां तसें वाटणें अस्वाभाविक नव्हतें. पुढें विवराच्या तळांत छिद्रें पाडून तेथील खडक वर काढण्यांत आला. त्यांत एक विलक्षण खनिज सांपडलें. त्यांतील फेल्डस्पारचे स्फटिक वितळल्यावांचूनच, केवळ प्रचंड आघातानें, कांच होऊन गेले होते. असें रूप ज्वालामुखींत होत नाहीं. १९७३ सालीं कर्ट फ्रेड्रिक्सन व त्यांचे सहकारी यांनीं हा पुरावा प्रसिद्ध केला, आणि सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानें येऊन आदळलेल्या अशनीचेंच हें विवर, ही गोष्ट निश्चित झाली.

त्या आघातानें कांहीं बेसॉल्ट वितळला आणि उडाला. कांठाबाहेर फेंकल्या गेलेल्या मालांत त्या रसाचे कांचमणी मिळतात. बरेचसे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे खसखशीहून बहुधा लहान. कांहीं गोल, कांहीं अश्रूच्या आकाराचे, कांहीं दोन गोळे दांड्यानें जोडल्यासारखे डंबेलच्या घाटाचे, आणि कांहीं चातीसारखे दोन्ही टोकांस निमुळते. पृष्ठताणाचें चाललें असतें तर सारेच गोल व्हावयाचे. मग ही मान न तुटलेली डंबेल आणि ही शेपटीची टिपें राहिलीं कशीं? यांच्यांत भेंडीचे लांब रेणु तर नव्हते.

उत्तर म्हातारीच्या केसांचेंच. १२०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास बेसॉल्टचा रस मधासारखा किंवा त्याहून कांहींसा अधिक दाट असतो. त्या अवस्थेंत त्याचा ताण विसरण्याचा काळ सेकंदाच्या कांहीं अब्जांशांइतकाच. म्हणजे कितीहि वेगानें उडाला, ओढला गेला, गरगरला, तरी तो पूर्णपणें द्रवच होता, ट्राउटनच्या तिपटीचा साधा द्रव. पण हवेंतून जातां जातां तो निवत होता, आणि निवतांना त्याची श्यानता पटीपटीनें नव्हे तर कोट्यवधि पटींनीं वाढत होती. सुमारें ७०० अंशांशीं त्याच पदार्थाचा विसरण्याचा काळ मिनिटाच्या घरांत येतो. उड्डाण तर कांहीं सेकंदांचें! म्हणजे वाटेंत कोठें तरी त्याच्या घड्याळाचा कांटा ओढीच्या घड्याळाला गांठून पुढें गेला, आणि जो आकार त्या क्षणीं होता तोच कांच होऊन राहिला. पृष्ठताणाचा फांस अर्धवट आवळलेला असतांनाच त्याचे हात थिजले.

या ठिकाणीं एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हवाई बेटांवरील ज्वालामुखींतूनहि असेच अश्रू आणि केस निघतात. तेथील लोकांनीं त्यांस पेले या अग्निदेवतेचे अश्रू व केस असें म्हटलें आहे. पेलेचा केसहि बेसॉल्टची थिजलेली तारच. तेव्हां मण्याचा आकार पाहून तो अशनीनें उडविला कीं ज्वालामुखीनें, हें सांगतां येत नाहीं. आकार एवढेंच सांगतो कीं एक साधा दाट द्रव वेगानें ओढला गेला आणि निवला. कोणीं ओढला तें आंतल्या खडकाला विचारावें लागतें. आणि केव्हां ओढला हें कांचेंत कोंडलेल्या आर्गॉन वायूला. लोणारच्या अशाच कांचेवरून २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनांत विवराचें वय सुमारें ५,७०,००० वर्षें निघालें. त्यापूर्वीं तें पन्नास हजारांच्या आसपास मानीत असत.

लोणारचा परिसर अभयारण्य असल्यामुळें तेथें जाणाऱ्यानें हे मणी पाहावेत, वेंचूं नयेत. संग्रहांत मात्र एखादा शेपटीचा मणी भिंगाखालीं पाहावयास मिळाला, तर तिच्या टोंकाकडे नजर द्यावी. टोंक वाटोळें असेल तर ती तार द्रव असतांना तुटली, आणि फांसाला शेवटचें टोंक गोल करण्यापुरती सवड मिळाली. टोंक तुटक्या बांगडीसारखें धारदार असेल, तर ती कांच झाल्यावर मोडली. हवेंत असतांना, जमिनीवर आदळतांना, किंवा त्यानंतर केव्हांहि, बैलाच्या खुराखालीं सुद्धां.